कोल्हापुरातली माझी वीस मिनिटं

क्लासातल्या मुलींच्या आया विचारतात, कोल्हापूर कसं झालं? मी सांगते, मस्त झालं, अंबाबाईचं दर्शन झालं, चपला घेतल्या. तेवढ्यावर त्यांचं समाधान होतं. खरं सांगायचं तर मी दर्शनाला गेलेच नव्हते. मी गेले होते वीस मिनिटं गायला. आणि ती वीस मिनिटं शालनच्या आधी गायची होती, त्याच स्टेजवर, त्याच श्रोत्यांपुढे.

शालन म्हणजे माझी गुरुभगिनी. तुम्ही तिला टीव्हीवर पाहिलं असेल. दिवाळी पहाटेला जिचं नाव लागलं की तिकिटं संपतात, जी दर वर्षी परदेशात गाऊन येते आणि मुलाखतीत 'मी अजून विद्यार्थीच आहे' म्हणते, तीच. मी नाशकात क्लास चालवते, मुलींना परीक्षांना बसवते, गणपतीत सोसायटीत गाते. दोघी एकाच बुवांकडे शिकलो. मी नाशकाहून येऊन बुवांच्या माडीवर चार वर्षं राहिले, तीही राधानगरीकडच्या तिच्या गावाहून येऊन तिथेच राहायची. त्या चार वर्षांत बुवांनी मला कोल्हापुरात एकदाही पुढे बसवलं नाही. पुढे शालन, मागे तानपुरा घेऊन मी. पुढे माझं लग्न झालं, मी नाशकाला परतले, आणि कोल्हापूरला माझा आवाज एकटा असा कधी ऐकायला मिळालाच नाही.

बुवा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांच्या जुन्या श्रोत्यांचं एक मंडळ दर वर्षी त्यांच्या नावानं सकाळची मैफल करतं. मंडळाचे अण्णा म्हणून आहेत, त्यांचा फोन आला. म्हणाले, यंदा सुरुवातीला वीस मिनिटं तुम्ही गा, मग शालनताई. मी फोन ठेवला आणि सरळ तानपुरा काढला. दोन महिने ललत राग घासला. नवरा म्हणाला, वीस मिनिटांसाठी एवढं? त्याला काय कळणार. मला कोल्हापूरला एकदा ऐकवायचं होतं, नंतर त्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.

शुक्रवार, गंगावेस

पोचल्याबरोबर चौकात शालनच दिसली. म्हणजे तिचा फ्लेक्स. कोल्हापूरला फ्लेक्सचं वेड आहे हे ठाऊक होतं, पण शास्त्रीय गाणारीचा एवढा मोठा फ्लेक्स मी जन्मात पाहिला नव्हता. दुमजली घराएवढा. वर शालन, डोळे मिटलेले, हात हवेत. खाली पेठेतल्या दहा-बारा भाऊ-दादांचे फोटो, गॉगल लावलेले. माझं नाव शोधलं. अगदी तळाला, मंडपवाल्याच्या नावाच्या वर, 'आणि सहकलाकार' असं होतं. नाव नव्हतंच. रिक्षावाला माझ्याकडे बघत म्हणाला, "पावणं, शालनताईंच्या गाण्याला आलाय व्हय?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

शालनच्या घरीच उतरायचं होतं. तिनं दारात मिठी मारली, माझी पिशवी हिसकावून घेतली आणि 'किती वाळलीस गं' म्हणाली. ती स्वतः भरली होती, तेज आलं होतं, केस पिकलेले तेही शोभत होते. माझे केस पिकले की मी म्हातारी दिसते, तिचे पिकले की ती विदुषी दिसते. हा कुठला न्याय?

संध्याकाळी तिनं मला दूधकट्ट्यावर नेलं. बाहेरगावच्या लोकांना हे सांगून खरं वाटत नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी आणून बांधतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला गरम ग्लास तसाच हातात देतात. नाशकात आम्ही पिशवीतलं दूध तीनदा उकळून मग पितो. मी ग्लास धरून उभी, आणि पलीकडे शालनभोवती घोळका. म्हशीवाल्यानं तिच्याकडून पैसे घेतले नाहीत. मला मात्र म्हणाला, ताईंच्या पावण्या आहात म्हणून तुमचंबी नको. म्हणजे माझं दूधसुद्धा तिच्या नावावर. ओठांवर दुधाची मिशी आली ती पुसत मी हसले.

तिथून चपला घ्यायला गेलो. तिथेही तेच, 'ताईंची मैत्रीण' म्हणून दाम कमी. चपला देखण्या होत्या, करकर वाजणाऱ्या. घरी येईस्तोवर दोन्ही पायांचे अंगठे सोलून निघाले. शालन म्हणाली, तेल पाजायचं असतंय आधी, विसरलीस व्हय? विसरले होते. पायाला हळद लावून बसले आणि मनातल्या मनात ललतचे आलाप फिरवत राहिले.

शनिवार, राधानगरीच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी काढली, म्हणाली, चल गावाकडं, वहिनी तुझी आठवण काढतेय. रस्ता फार सुंदर. दोन्हीकडे ऊस, मग हळूहळू भातखाचरं, आणि पुढे डोंगर जवळ जवळ येत जातात. भाताची कापणी झाली होती, खळ्यावर मळणी चाललेली. आमच्याकडे द्राक्षबागा तारांवर ताणून बसवलेल्या असतात, सगळं कसं मोजून मापून. इथे उसाचं, डोंगरांचं हिरवं नुसतं सांडलेलं. मला तेही बघवेना. एवढं हिरवं डोळ्यांपुढे ठेवून लहानाची मोठी झाल्यावर कुणीही गाईल, असं मनात आलं.

शालनच्या वडिलांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना कुस्ती कळायची. लेक बुवांकडे जायला लागली तेव्हा त्यांनी हिशेब साधा ठेवला, मेहनत आहे तर खुराक पाहिजे. तालमीतल्या पोराला जसं दूध-बदाम लावतात तसं त्यांनी लेकीला लावलं. गावची दूधगाडी कोल्हापूरला यायची, तिच्यातून रोज एक बरणी बुवांच्या घरी उतरायची. पहाटेचा खर्जाचा रियाज झाला की शालननं ती प्यायची. मी समोर चहा घेऊन बसायचे. दोन-तीन दिवसांनी तिनं बरणीतलं अर्धं माझ्या वाटीत ओतायला सुरुवात केली आणि चार वर्षं ओतत राहिली. लोकांना यात प्रेम दिसेल. मला तेव्हाही वाटायचं, दूध तिच्या बापाचं, बदाम तिच्या बापाचे, आणि मला वाटी.

आता सांगायला हवं की बाई घरंदाज गाणाऱ्यांतली नाही. घरात कुणी गात नव्हतं. सोळाव्या वर्षी स्थळं यायला लागली तेव्हा तिच्या वडिलांनी पाहुण्यांना सांगितलं होतं, पोरगी मेहनतीला बसल्या, उठली की बघू. ती उठलीच नाही. लग्न केलं नाही, आकाशवाणीवर गाऊ लागली, मग पुणं, मुंबई, कलकत्ता. तिथल्या जाणकारांनी आधी तिच्या बोलण्याला नाकं मुरडली. इकडच्या गावाकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी जातो, मी येतो' म्हणतात, तशी तीही म्हणायची, अजून म्हणते. मग ती गायला लागली की नाकं जागेवर यायची. कुठल्याशा मोठ्या संमेलनात तिला ऐन वेळी, कुणाच्या तरी बदली, बसवलं होतं, आणि सकाळी उठून बघते तर नाव झालेलं. मी तेव्हा नाशकात मुलाला शाळेत सोडत होते. पेपरात फोटो पाहिला. पेपर घडी करून गादीखाली ठेवला, फाडला नाही, एवढंच.

वहिनीनं जेवायला नाचणीची भाकरी, खर्डा आणि सुरीनं कापावं असं दही वाढलं. घर आता स्लॅबचं झालंय, पण जेवायला सगळे खालीच बसतात. गल्लीतल्या बायका येऊन शालनला बघत होत्या, 'शालनक्का, टीव्हीत बारीक दिसतीस' असं तोंडावर सांगत होत्या. आमच्याकडे एवढं कुणी तोंडावर बोलत नाही, मागून बोलतात. शालन खो खो हसत होती. मी सगळ्यांशी गोड बोलत खर्ड्याचा मोठा घास घेतला आणि घसा पेटला. डोळ्यांतून पाणी, कानांतून धूर. उद्या गायचंय आणि मी काय करून बसले! वहिनीनं गुळाचा खडा तोंडात कोंबला. परतीच्या वाटेवर मी सारखी खाकरून बघत होते. शालन गाडी चालवत म्हणाली, "घाबरू नको. तुझा गळा खर्ड्याला दाद देणारा न्हाय." तेवढं बोलली आणि मग कोल्हापूर येईपर्यंत गप्प राहिली. एरवी तिचं तोंड मिटत नाही. मला वाटलं, दमली असेल.

रविवार, मैफल

सभागृह एका शाळेचं होतं, पण भरलं असं की मागे दारात लोक उभे. पुढे बुवांचा हार घातलेला फोटो. त्यांचे जुने श्रोते पहिल्या रांगेत बसले होते, टोप्या, मफलर, पानाचे डबे. दोघा-तिघांचे चेहरे ओळखीचे वाटले. यांनाच ऐकवायचं होतं मला. आवाज सकाळी लावून पाहिला होता, स्वच्छ होता.

मी साडी नीट करत होते तेवढ्यात अण्णा आले. हात जोडूनच आले, तिथेच मी समजले. म्हणाले, जरा गडबड झाल्या ताई. प्रमुख पाहुण्यांना लवकर निघायचंय, त्यांचं भाषण आधी घ्यावं लागतंय, सत्कार हाय, त्यात तुमची वीस मिनिटं बसत न्हाईत. वर म्हणाले, शालनताईंच्या मागं बसणारी शिष्या तापानं पडल्या, तुम्हीच बसा की मागं. तुमच्यासारखं दुसरं कोण हाय?

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. नाशिकची भाषाही काही कमी नाही. अण्णा नुसते मान हलवत राहिले. मी पिशवी उचलली. सव्वा तासात नाशिकची एक गाडी होती. आणि कोपऱ्यात तानपुरा लावत बसलेली शालन, माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस की गं मागं. तुझ्याबिगर मला आज कोण हाय."

मी बसले. पण का बसले ते ऐका, कारण प्रेमानं नाही बसले. आमच्या गाण्यात मागे बसणाऱ्यानं काय करायचं याचा एक रिवाज आहे. पुढची दमली, श्वास घ्यायला थांबली, की तिचा सूर आपण धरायचा, भर घालायची. पण पुढची जिथे अजून गेली नाही तिथे आपण जायचं नाही. विलंबित ख्याल खालून एकेक सूर वर चढत जातो, अर्धा-पाऊण तास सगळे वाट बघतात, आणि मग वरचा षड्ज येतो. तो पहिला षड्ज मुख्य गायिकेचा. मागच्यानं तो तिच्या आधी लावला तर भर सभेत तिच्या तोंडात मारल्यासारखं आहे. नवख्या श्रोत्याला कळणार नाही, पण पहिल्या रांगेला नक्की कळणार. मी तानपुरा मांडीवर घेतला आणि ठरवलं, आज वरचा षड्ज मी आधी लावणार. वीस मिनिटं नाही तर नाही, एक सूर तर ऐकतील.

पाहुणे भाषणात शालनचा जन्म, शिक्षण, पुरस्कार सगळं बोलले, आणि निघूनही गेले. शालननं तोडी सुरू केली.

आता काय सांगू? जळणाऱ्या माणसानंच खरं ऐकावं, दुसरं कुणी एवढं लक्ष देऊन ऐकत नाही. मी तिच्या चुका शोधत बसले होते आणि ती एकेक सूर असा ठेवत होती की जणू घरातलीच वस्तू जागेवर ठेवावी. कोमल गंधार लावला तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं पानाचा डबा मिटला. मला बुवा आठवले. मला राग आला की मला रडू येतंय. ती थांबली की मी सूर धरत होते, ती निघाली की सोडत होते, आणि मनात एकच, येऊ दे अंतरा, वरचा षड्ज तिथेच येतो.

अंतरा आला. पंचम, धैवत, मग निषाद. निषादावर ती थांबली. तोडीचा निषाद असा की षड्जाच्या उंबऱ्यावर उभं असल्यासारखं वाटतं, आत पाय टाकल्याशिवाय राहवत नाही. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा निषादापर्यंत आली, पुन्हा फिरली. मला वाटलं, खेळवतेय लोकांना. कुणी असं तीन-तीनदा खेळवतं का? मी श्वास भरला. आता ती थांबेल आणि मी जाईन.

तेवढ्यात तिचा डावा हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटला. ही बुवांची खूण. बुवा पुढे बसलेले असताना मागच्या शिष्याला 'आता तू घे' असं सांगायचं तर ते न वळता गुडघ्यावर थोपटायचे. पण वरचा पहिला षड्ज त्यांनीही कधी कुणाला दिला नव्हता. कुणीच देत नाही. मी चुकीचं समजले असं वाटून तशीच बसले. तिनं पुन्हा थोपटलं, या खेपेला जोरात.

मी षड्ज लावला. दोन महिने ललतसाठी घासलेला, खर्ड्यानंही न बिघडलेला माझा षड्ज. तो असा लागला की तबलेवाल्यानं मान वर केली. मी धरून ठेवला, श्वास पुरेल तितका. समोर मला फक्त शालनचा अंबाडा, गजरा आणि वर गेलेला हात दिसत होता. हॉलमधून एकदम आवाज उठला, टाळ्या, हुंकार, आणि पहिल्या रांगेतून कुणी तरी भरल्या गळ्यानं ओरडलं, "वा शालनताई!"

डोळे मिटून ऐकत होते मेले सगळे.

रविवार दुपार, शालनच्या घरी

जेवायला तांबडा-पांढरा रस्सा होता. शालनसाठी वहिनी पहाटेच गावाहून आली होती, स्वयंपाक तिचाच. हार, शाली, फुलं सोफ्यावर पडली होती. आम्ही दोघीच पानावर बसलो. माझा सूर गेला, माझी वीस मिनिटं गेली, आणि रिवाज मोडून घ्यायचा सूडसुद्धा तिनं खूण करून माझ्या हातातून काढून घेतला. तिनं दिलेलं लावलं त्यात माझं काय राहिलं? पुन्हा वाटीतलंच दूध.

शालननं वाटी खाली ठेवली. म्हणाली, वरचा सा लागत न्हाय मला आता. दोन वर्षं झाली. डॉक्टर झाले, औषधं झाली. शिष्या मागून लावते, मी हात वर करतो, लोकं समजतात मीच. हे बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, अण्णांनाही नाही.

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं. मग ती पुढे म्हणाली, "तुझी वीस मिनिटं मीच काढायला लावली. अण्णा बिचारा खोटं बोलला माझ्यासाठी."

मी हातातला घास तसाच धरून विचारलं, का?

"तू आधी गायली असतीस की. तुझा सा ऐकल्यावर माझ्याकडं कोण बघतंय?" ती पानाकडे बघत बोलत होती. "आजचं न्हवं हे. बुवांकडं हुतो तवापासनं जळतो मी तुझ्यावर. तू मागं बसून नुसता सूर धरायचीस आणि माझ्या पोटात आग पडायची. बुवा तुला पुढं बसवत न्हवते, ते मला बरं वाटायचं."

खरं तर इथे मी पान फेकून उठायला हवं होतं. तिनं माझं कोल्हापूर घेतलं, तेही ठरवून, मला घरी ठेवून, गंगावेशीचं दूध पाजून. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तोही म्हणाला, तू गप्प बसलीस? पण मी काय सांगू, मी जन्मभर हिच्यावर जळले, आणि माझ्यावर जळणारं जगात कुणी असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. क्लासातल्या मुली माझ्या पाया पडतात, त्यांच्या आया मला मान देतात. जळत कुणी नाही. आणि ही बया, जिचा दुमजली फ्लेक्स लागतो ती, चार वर्षं माझा सूर मोजत पुढे बसली होती.

मी घास तोंडात घातला. तांबडा रस्सा फार चांगला झाला होता. घसा जपायचं आता काही कारण नव्हतं, मी आणखी वाटीभर ओतून घेतला.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

"काय?"

"जळतेस ते. जरा मोठ्यानं सांग, आत वहिनीला ऐकू जाऊ दे."

शालननं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. तिनं पाण्याचा घोट घेतला, गाण्याआधी घेते तसा खाकरून गळा मोकळा केला, आणि मोठ्यानं सांगितलं.